सातव्या विमानाचा पाय

बोथलीच्या तलावातली मासोळी काढायचा दिवस होता आणि नेमक्या त्याच दिवशी विमान कंपनीची पांढरी गाडी गावात शिरली. संक्रांत होऊन पंधरा दिवस झाले होते. तलावाचं पाणी उतरून कमरेइतकं आलं होतं, जाळं धरून दोन्ही बाजूंनी माणसं आत उतरली होती आणि पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, सारं गाव गोळा झालं होतं. प्रेमिला साडी वर खोचून गुडघाभर चिखलात उभी होती. तिच्या हातात पाचेक किलोचा कतला तडफडत होता, आणि तो हातून सुटतो की राहतो, यावर काठावरच्या बायकांनी पैजा लावल्या होत्या.

गाडीतून आधी इतवारी उतरला. इतवारी नागपूरच्या हँगरमधला जुना मेकॅनिक. प्रेमिलाने त्याच हँगरमध्ये अठ्ठावीस वर्षं नोकरी केली होती. चार वर्षांनी तो असा अचानक पाळीवर दिसला, ती खुदकन हसली, आणि कतला गेला.

इतवारीमागून एक तिशीची बाई उतरली. अंगात कडक इस्त्रीचा कोट, पायात काळे बूट. ही दीपिका. सरकारी विमान कंपनी ‘नभयात्रा’ची विमानं कुठली घ्यायची, कुठली परत करायची, हे बघणाऱ्या खात्यात ती सहा महिन्यांपूर्वी दिल्लीत रुजू झाली होती. प्रेमिलाबाई कुठे भेटतील, असं तिने विचारलं, तेव्हा साऱ्या बायकांनी एकदमच चिखलाकडे बोटं दाखवली.

प्रेमिला बाहेर आली, हात धुतले, आणि कामाचं काही ऐकायच्या आधी पाहुणीला पाळीवरच्या मोहाच्या झाडाच्या सावलीत बसवलं. तिचा नवरा धनराज गावातल्या ढिवर मंडळींच्या मच्छीमार संस्थेचा सचिव होता. त्याने पाणी आणून दिलं आणि थोडा दूर जाऊन बसला. मात्र कान इकडेच ठेवले.

दीपिकाने सांगितलं ते निम्मं प्रेमिलाला माहीत होतं. नऊ वर्षांपूर्वी ‘नभयात्रा’ने परदेशातल्या एका कंपनीकडून एकाच जातीची नऊ विमानं भाड्याने घेतली होती. दिल्लीत घाईघाईने ठरलं, घाईघाईने सह्या झाल्या. विमानं आल्यावर कळलं, की लहान गावांच्या धावपट्टीला ती जड पडतात आणि मोठ्या शहरांच्या मार्गावर त्यांच्यात माणसं मावत नाहीत. वर्षातले कितीतरी महिने त्यातली चार नागपूरला इंजिनांवर लाल झाकणं घालून नुसती उभी असायची. हँगरमधली माणसं त्यांना पाव्हणे म्हणायची.

प्रेमिला तेव्हा रेकॉर्ड सेक्शनमध्ये होती. विमानाच्या प्रत्येक भागाचा कागद असतो: तो कुठे बनला, कोणत्या विमानाला लागला, किती वेळा जमिनीवर उतरला. हँगरमध्ये त्या कागदांना कुंडली म्हणत. नऊ विमानांसोबत कुंडल्यांची साडेतीनशे खोकी आली होती. प्रेमिलाने चार दिवस ती चाळली आणि एक पानाची टिपणी लिहिली, की कागद आणि भाग जुळवून घेतल्याशिवाय विमानं ताब्यात घेऊ नयेत. साहेबाने टिपणी वाचली आणि तिला सेक्शनमधून उचलून स्टोअरमध्ये टाकलं. तिथे नटबोल्ट मोजत तिने काही वर्षं काढली. मग स्वेच्छानिवृत्तीची योजना निघाली, तेव्हा पहिला अर्ज तिचा होता. गावी येऊन तिने शिंगाडे लावले, मत्स्यबीज वाढवायला शिकली, आणि विमानांची आठवण आली तर ती आभाळाकडे बघून तेवढ्यापुरती यायची.

आता भाडेकरार संपला होता. आठ विमानं कशीबशी परत गेली. शेवटचं एक मात्र अडलं. हँगरच्या बोलीत ते चार नंबर. त्याच्या डाव्या चाकांचा जो पाय, ज्याला लँडिंग गिअर म्हणतात, त्याची कुंडली सापडत नव्हती. कुंडली नाही तर तो पाय आमच्या लेखी लोखंड आहे, असं म्हणून परदेशी कंपनीच्या तपासनिसाने विमान घ्यायला नकार दिला होता. ते परत जात नाही तोवर भाडं चालूच, आणि नव्या विमानांची बोलणीही त्यापायी थांबलेली. चार नंबरची सगळी खोकी दोनदा उपसून झाली होती. शेवटी इतवारी म्हणाला होता, की हे सांगितलं तर एकच बाई सांगेल.

प्रेमिलाने सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, “पायावरच्या पट्टीवर नंबर काय हाय?”

दीपिकाने मोबाइलमधला फोटो दाखवला. प्रेमिलाने चष्मा मागितला, तो धनराजच्या खिशात होता. नंबर वाचला आणि तिला असं हसू फुटलं, की पाण्यातली माणसं जाळं सोडून बघायला लागली.

“हा चारचा पाय नाईच,” ती म्हणाली. “हा सातचा हाय. तुम्ही चारच्या घरी सातच्या पोराची कुंडली शोधून राह्यल्या.”

दीपिका मूळची वरोऱ्याची, म्हणजे इकडचीच. इतका वेळ ती ऑफिसातली मराठी जपून बोलत होती. आता तिची घरची बोली सुटली. “काय सांगता बाई? मग कागद कुठी हाय?”

झालं होतं ते असं. एका वर्षी पावसाळ्यात सात नंबरच्या डाव्या पायाला तडा सापडला. सातला कारखान्यातून नवा पाय आला, जुना दुरुस्तीला गेला आणि दुरुस्त होऊन ऐन दिवाळीत स्टोअरमध्ये आला. त्याच आठवड्यात चार नंबरचा पाय बिघडला. सणाची गर्दी, तिकिटं विकली गेलेली, वरून फोनवर फोन. मेकॅनिकांनी स्टोअरमधला तोच पाय नेऊन चारला लावला. मोठ्या रेकॉर्डमध्ये नोंद करू म्हणाले आणि राहून गेली. पण वस्तू स्टोअरबाहेर जाताना प्रेमिलाने आपल्या रजिस्टरमध्ये लिहून सही घेतली होती. पायाचे कागद मात्र सातच्या खोक्यातच राहिले, आणि सात नंबर चार महिन्यांपूर्वी खोक्यांसकट परत गेलं होतं.

“म्हणजे,” दीपिका सावकाश म्हणाली, “जो कागद ते आमच्याकडे मागून राह्यले, तो त्यांच्याच घरी पडला हाय.”

“पडलाच असन. आम्ही तर काही फेकत नव्हतो.”

इतवारी डोक्याला हात लावून पाळीवरच बसला. सही त्याचीच असणार, हे त्याला आठवलं होतं.

लगेच निघू म्हणून दीपिका उठली, पण प्रेमिलाने तिला सोडलं नाही. आज मासोळीचा दिवस, आज उपाशी कोणी जात नाही. दीपिकाने मग कोट गाडीत ठेवला, बूट काढले, आणि बायका नको नको म्हणत असतानाच पाण्यात उतरली. तिला दोन झिंगे आणि एक मरळ मिळाली. मरळ निसटताना दीपिका पाठीवर पडली, आणि त्या दिवसाची सगळ्यात मोठी आरोळी तेव्हाच उठली. दुपारी पाळीवर भात आणि झणझणीत रस्सा झाला. दिल्लीची बाई तीनदा भात घेते, हे बोथलीत बरेच दिवस सांगितलं जात होतं.

दुसऱ्या दिवशी प्रेमिला नागपूरला गेली. हँगरच्या फाटकावर नव्या शिपायाने तिला अडवलं, तेवढ्यात आतून जुनी चार माणसं धावत आली. स्टोअरमध्ये तिचं रजिस्टर तिने जिथे ठेवलं होतं तिथून दोनच हात सरकलं होतं. दिवाळीचा महिना काढायला तिला तीन मिनिटं लागली. ओळ तिच्या अक्षरात होती, नंबर पट्टीवरचाच होता, आणि पुढे इतवारीची तिरकी सही.

तपासनीस उंच, लालसर, गंभीर माणूस होता. त्याने ओळीवर बोट ठेवलं, पायाखाली जाऊन पट्टी वाचली, परत येऊन ओळ वाचली, आणि आपल्या ऑफिसला फोन लावला. तिकडून उत्तर यायला दुपार झाली. प्रेमिला तेवढ्या वेळात सेक्शनमधल्या पोरींना खोक्यांवर चिठ्ठ्या कशा लावायच्या ते शिकवत बसली होती. तपासनीस आला तो फोन समोर धरूनच. सात नंबरच्या अडतिसाव्या खोक्यात, अगदी तळाशी, पायाची कुंडली सापडली होती. तो इंग्रजीत काहीतरी म्हणाला आणि तिच्यापुढे चक्क वाकला. काय म्हणाला, असं तिने विचारलं. दीपिकाने सांगितलं, की नोकरीत आपण पहिल्यांदाच स्वतःची चूक पकडून घ्यायला सात हजार किलोमीटर आलो, असं म्हणतोय.

तिसऱ्या दिवशी चार नंबर उडालं. शेवटचा पाव्हणा गेला म्हणून हँगरमध्ये पेढे वाटले.

प्रेमिलाला वाटलं, संपलं. ती गावी आली, शिंगाड्याच्या वेली साफ करायला लागली. महाशिवरात्रीला ती आणि धनराज मार्कंड्याच्या जत्रेला गेले. दर्शन घेऊन दोघं वैनगंगेच्या वाळूत भजी खात बसले होते, तेव्हा दीपिकाचा फोन आला. जत्रेच्या गलक्यात निम्मं ऐकू येईना, म्हणून प्रेमिला पाण्याच्या कडेपर्यंत चालत गेली.

कंपनी सहा नवी विमानं भाड्याने घेणार होती. या वेळी लहान, आखूड धावपट्टीवर उतरणारी. ते आधी बघून झालं होतं. दीपिकाने बैठकीत प्रेमिलाची जुनी टिपणी सगळ्यांना वाचून दाखवली होती, आणि ठरलं होतं, की कागद बघणारा माणूस हो म्हणेपर्यंत एकही विमान ताब्यात घ्यायचं नाही. तो माणूस तुम्ही व्हाल का, असं ती विचारत होती.

प्रेमिला परत आली ती धनराजला शोधत. त्याला सांगितलं. त्याने भज्यांचा कागद चुरगाळला.

“तुले जायचं हाय का?” त्याने विचारलं.

“हाय.”

“मग मले काऊन विचारतेस?”

“तुले सांगून राह्यली. विचारून नाई राह्यली.”

धनराज हसला आणि आणखी एक प्लेट भजी आणायला उठला. प्रेमिलाने त्याच संध्याकाळी दीपिकाला तीन अटी कळवल्या: दिल्लीला येणार नाही, म्हणून विमान नागपूरलाच आणा; धानाच्या रोवणीत सुट्टी लागेल; आणि इतवारीला माझ्या हाताखाली द्या, म्हणजे त्याच्या सह्यांवर माझी नजर राहील. तिन्ही मान्य झाल्या. तिसरीवर इतवारी कुरकुरला, पण त्याचं कोणी ऐकलं नाही.

चैत्र लागला आणि पहिलं विमान आलं. लहान, पांढरं, टपोऱ्या डोळ्यांचं. सोबत तीस खोकी. प्रेमिला नऊ दिवस त्यात बुडून होती. सकाळी इतवारी विमानाखाली झोपून पट्ट्यांवरचे नंबर ओरडून सांगायचा आणि ती कागदावर खूण करायची. सहाव्या दिवशी एक पंप सापडला. त्याच्या कागदावर नंबर वेगळा होता. भाड्याने देणारे म्हणाले, तो एवढासा पंप, नंतर बघू. दीपिकाने प्रेमिलाकडे बघितलं. प्रेमिलाने नाही म्हणून नुसती मान हलवली. दोन दिवसांत बरोबर कुंडलीचा दुसरा पंप विमानाने आला.

नवव्या दिवशी धनराज नवा पांढरा सदरा घालून बोथलीहून नागपूरला आला. हँगरमध्ये त्याला खुर्ची दिली, पण तो बसला नाही. दीपिकाने ताबा घेण्याचा कागद टेबलावर ठेवला. अठ्ठावीस वर्षांत प्रेमिलाने हजारो कागद लावले होते, पण अशा कागदावर सही साहेबच करायचे. आज खाली तिचं नाव छापलेलं होतं. तिने पदराने हात पुसले, पेन घेतलं आणि सावकाश पूर्ण नाव लिहिलं: प्रेमिला धनराज मानकर. इतवारीने पहिली टाळी वाजवली, मग सगळं हँगर वाजवायला लागलं. धनराजने सोबत आणलेली जिलबी मेकॅनिकांच्या काळ्या हातांवरून फिरली.

दुपारी विमान उडालं. जळगावला जाणार होतं, चाचणीची पहिली फेरी. सगळे आत गेले तरी प्रेमिला उन्हात उभी होती, हाताची सावली डोळ्यांवर धरून. धनराज बाजूला येऊन थांबला. ठिपकासुद्धा दिसेनासा झाला तसा तो म्हणाला, “चाल, उमरेडवरून जाणारी गाडी निघून जाईन.”

“तू जा गा,” ती म्हणाली. “मी दहाएक दिवसांनी येते. सोमवारी दुसरं विमान येऊन राह्यलं.”