एक फाईल माझ्याकडंच राहिली

मी बोलतेय, अंथुर्ण्याच्या अकबर शूटिंगवाल्यांची हार्ड डिस्क. बोलता बोलता मधेच टक्‌ असा आवाज आला तर घाबरू नका. म्हातारपणी तुमचे गुडघे वाजतात, माझं पोट वाजतं.

मी कुठल्या कारखान्यात जन्मले ते मला ठाऊक नाही. आठवतं ते बारामतीतलं दुकान आणि अकबरभाईंचा शर्टाचा खिसा. त्या खिशात बसून मी इंदापूरकडची किती लग्नं पाहिली! कुणाची हळद, कुणाची वरात, कुणाचं बारसं, सगळं माझ्या पोटात. मधूनमधून घरचंही असायचं. वाजिदची पहिली सायकल, मेहरीनची मेंदी, धाकट्या दानिशचे पडलेले दात, आणि चूल फुंकता फुंकता कॅमेऱ्याकडे डोळे वटारणाऱ्या सायराबानू, म्हणजे आमच्या भाभी.

शूटिंगवाल्याचं नशीब मोठं मजेचं. पंगतीत तो शेवटी जेवतो आणि चित्रात तो कधीच नसतो. अकबरभाईंचा नुसता आवाज यायचा, "ए, हिकडं बघा की! हसायला पैसं लागत्यात व्हय?"

मुलं नोकरीपायी पांगली, पण ईदला यायचीच. शीरखुर्मा झाला की दानिश मला टीव्हीला जोडायचा आणि सगळं घर स्वतःलाच बघून हसायचं. माझी खरी ईद तीच.

अशाच एका ईदला मुलं निघून गेल्यावर घर सुनंसुनं झालं, तेव्हा भाभींनी नवऱ्याच्या हातातला कॅमेरा ओढून घेतला. "द्या हिकडं. आज तुमी बसा." अकबरभाई बाजेवर बसले. जन्मभर दुसऱ्यांना हसवणारा माणूस लाजून टोपी नीट करत राहिला. चित्र हललंय, अर्धी बाज कापली गेलीय, पण चेहरा स्वच्छ आलाय. ती फाईल अकबरभाईंनी माझ्यात ठेवली आणि पुढची ईद यायच्या आत ते गेले.

मग तिघंही म्हणू लागली, डिस्क मला हवी. भाभींना धडकी भरली. वाटणीवरून भावाभावांची तोंडं फिरलेली त्यांनी गावात पाहिली होती. "भांडू नगा. समद्यांना सारखं द्या," त्या म्हणाल्या.

दानिशनं तीन नव्या डिस्क आणल्या आणि चार वायरी बसतील अशा एकाच डबीला आम्हा सगळ्यांना जोडलं. एका ताटातून तिघींना भरवायचं काम! मी तापले, पण देत राहिले. शेवटी ती फाईल आली. नेमकी माझ्या दुखऱ्या जागेवर होती. जरा दम घेऊ दिला असता तर दिली असती. पण बाहेर वाजिद गाडीचा हॉर्न वाजवत होता.

"झालं का न्हाय रं?"

"एक फाईल अडकलीया, दादा."

"आसंल कुणाच्या तरी लग्नातली. सोड की!"

दानिशनं सोडली. बापानं लोकांची एवढी लग्नं टिपलेली, की घरचं काही अडकलं असेल हे पोरांच्या मनातही आलं नाही.

ईद आली. भाभींनी पातेलंभर शीरखुर्मा केला, मला पदरानं पुसून टीव्हीपुढं ठेवलं. वाजिदचा फोन आला. "सुट्टी न्हाय अम्मी. आमी हितंच लावतो. समदं हाय की आमच्याकडं." दानिशचंही तेच. सारखी वाटणी झाली आणि घरी यायचं कारणच वाटलं गेलं. वायर कुठं लावायची हे भाभींना कधी शिकावंच लागलं नव्हतं. त्या मला मांडीवर घेऊन बंद टीव्हीपुढं बसून राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी मेहरीनचा फोन आला. ती रडत होती. "अम्मी, समदं बघितलं गं. अब्बाचा आवाज हाय, तोंड कुठंच न्हाय."

"हाय की! मी काढलंय. बाजेवर बसलेत, टोपी नीट करत्यात."

"आमच्यात न्हाय ते. कुणाकडनं तरी मोबाईलवर पाठव ना."

भाभींनी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "पाठवायची न्हाय मी. बघायचं आसंल तर हितं या. तिघंबी या."

"बघते. सुट्टी मिळाली तर."

तेव्हापासून मी अकबरभाईंच्या रुमालात, कपाटातल्या स्टीलच्या डब्यात आहे. भाभींना वाटतं, ठेवलेलं दागिन्यासारखं तसंच राहतं. माझ्या पोटातला आवाज वाढतोय हे त्यांना कोण सांगणार?

पोरांनो, रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा, पण लवकर या. आणि त्या जागेवर मी अडखळले तर हॉर्न वाजवू नका, जरा थांबा. त्या फाईलच्या शेवटी तुमचे अब्बा हसत हात पुढं करून म्हणतात, "बास आता, बंद कर. पोरं आली की दावू त्यांना."