हाताचं माप

एउलालिओने कागद टेबलावर पसरला, चारी कोपऱ्यांवर हाताला लागतील ती हत्यारं ठेवली आणि कपाळावरचा चष्मा खाली ओढला. कागदावर डाव्या पंजाची पेन्सिलीने काढलेली आकृती होती. त्याच्याकडून गिटार करून घ्यायची तर आधी हाताचं माप द्यावं लागे. बापाच्या वेळेपासूनचा शिरस्ता तो. त्या मापाने गिटारची मान कोरायची. नाहीतर तयार गिटारी काय, या पाराचो गावात दुकानोदुकानी टांगलेल्या असतात.

समोरच्या स्टुलावर शिकागोहून आलेली नोएमी बसली होती.

"करंगळी अर्धीच दिसतेय," तो म्हणाला.

"म्हणून तर बाबांनी तुमच्याकडे धाडलं, उस्ताद. म्हणाले, तीन बोटांनी वाजेल अशी मान फक्त तिथे होते. बाकीचे नुसते हो हो म्हणतील आणि नेहमीचीच गळ्यात मारतील."

एउलालिओ सुखावला. खोटं कशाला बोला, कौतुकाचा तो भुकेलाच होता. अशी मान त्याने जन्मात एकदाच केली होती, थोरल्या भावासाठी. क्रिस्पिनची अर्धी करंगळी याच दुकानातल्या करवतीने नेली तेव्हा. मापाचा अंदाज घेत तो रेषेवरून बोट फिरवू लागला आणि करंगळीपाशी थांबला. तुटलेलं टोक तिरकं होतं. अंगठा मुळातच बाहेर वळलेला.

"हे काढलं कुणी?"

"बाबांनीच. मी म्हटलं, त्यांनी मागितलंय कुठे अजून? तर म्हणाले, मागतील. तिथे आधी हातच मागतात."

एउलालिओ भुशाच्या पोत्यावर मटकन बसला.

एकोणीस वर्षांपूर्वी क्रिस्पिन उत्तरेला, सरहद्दीपलीकडे कामाला निघाला आणि वाटेत वाळवंटात मेला. बरोबरच्या माणसाने त्याचा पट्टा आणून दिला होता, त्या पट्ट्यावरच चर्चमध्ये प्रार्थना झाली. तेव्हापासून दर नोव्हेंबरला घरातल्या मृतांच्या वेदीवर त्याचा फोटो लागतो, झेंडू वाहतात, त्याच्या आवडीचा पाव ठेवतात. सात वर्षं थांबून एउलालिओने त्याच्या विधवेशी, डेल्फिनाशी, लग्न केलं.

"वय काय गं तुझं?"

"मार्चमध्ये अठरा झाली."

म्हणजे मेल्याच्या दुसऱ्या वर्षी भावाला मुलगी झाली.

"उस्ताद, बरं वाटत नाहीये का? घेणार ना काम?"

नाही म्हणायचं, हे त्याने ठरवलंच. आज गिटार गेली की उद्या निरोप येईल, परवा तो माणूस स्वतः या स्टुलावर येऊन बसेल. मग डेल्फिना कुणाची बायको? त्याला भीती वाटली, आणि भाऊ जिवंत आहे तर भीती वाटावी याची लाजही.

तेवढ्यात डेल्फिना आली. गिऱ्हाईक उपाशी जायला नको म्हणून तिने मक्याचे वाफाळते कोरुंडे आणले होते. एउलालिओ तिला नावानेच हाक मारायला गेला.

"वहिनी," तो म्हणाला.

बारा वर्षांत हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नव्हता. डेल्फिना जागच्या जागी थबकली. त्याची नजर जिथे होती तिथे, कागदाकडे, तिने पाहिलं. ताटली खाली ठेवली. मग तुटक्या करंगळीच्या टोकावर तिने बोट टेकवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

"कुणाचा हात हा?"

"माझ्या बाबांचा," नोएमी म्हणाली.

डेल्फिनाने तिच्याकडे नीट पाहिलं. "बरे आहेत ना?"

"हो. गुडघे तेवढे कुरकुरतात."

"कुरकुरणारच. फार चाललाय तो." तिने ताटली पोरीपुढे सरकवली. "खा, गार होईल."

मग ती नवऱ्याकडे वळली. आवाज अगदी रोजचा होता.

"काम घे तू. झकास कर, नाव ठेवायला जागा नको. पण नोव्हेंबरात फोटो लागतो तिथेच लागेल, सांगून ठेवते."

"कसला फोटो?" नोएमीने तोंडात घास धरूनच विचारलं.

"माझ्या पहिल्या नवऱ्याचा," डेल्फिना म्हणाली. "वाळवंटात मेला बिचारा."

आणि तिने आणखी एक कोरुंडा पोरीच्या हातात ठेवला.