पिवळीची बॅटरी

कोरीटात त्या गाडीला कोणी गाडी म्हणत नव्हतं. पोरं तिला पिवळी म्हणायची. भिकनआप्पा बेडूक म्हणायचे. आणि प्रमिलाकाकी म्हणायची, "आमना हेमराजनी". दोनच माणसं मावतील अशी. इंजिन मागे, डिक्की पुढे, आणि पोट जमिनीला इतकं टेकलेलं की गावातल्या गतिरोधकावरून हेमराज ती तिरपी तिरपी काढायचा, आणि शेजारी जो कोणी बसलेला असेल तो तेवढा वेळ श्वास धरून ठेवायचा.

हेमराज काकीचा एकुलता एक. सुरतेला साड्यांचा धंदा. गाडी त्याने जुनीच घेतली होती, जर्मन, पण हौस कोरी करकरीत होती. सुरतेच्या बिल्डिंगीत पार्किंग म्हणजे दोन स्कूटरी कशाबशा उभ्या राहतील एवढी जागा. इकडे गावात शेती बटाईने दिल्यापासून ट्रॅक्टरचं शेड रिकामंच पडलेलं. म्हणून गाडी गावी.

गाडी यायच्या आधी हेमराज गावी यायचा तो दिवाळीला आणि मतदानाला. गाडी आल्यावर तो एक शनिवार सोडून एक शनिवार यायला लागला. सकाळच्या रेल्वेने नंदुरबार, तिथून घर, चहा, आणि लगेच पिवळी काढून तासभर रस्त्यावर. मग आईच्या हातचं जेवण, झोप, रात्री ओट्यावर गप्पा, रविवारी परत. तो गाडीसाठी येतो, आपल्यासाठी नाही, हे काकीला चांगलं माहीत होतं. तिचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. येत होता ना.

मध्ये लग्नसराई आली, धंदा वाढला, आणि हेमराजचे तीन-चार शनिवार चुकले. एक दिवस आला तर गाडी चालूच होईना. बॅटरी पार उतरलेली. सुरतेच्या शोरूमवाल्याने फोनवर सांगितलं, हात लावू नका, आम्ही ट्रक पाठवतो. हेमराजने ते आईला सांगितलं आणि जाता जाता एक वाक्य पुढे जोडलं.

"आते नेनीच पडी ऱ्हायनी ते तठे सुरतलेच ठेवस. मार्केटजवळ पार्किंग भेटी ऱ्हायनं भाड्यानं."

काकी "बरं" म्हणाली. तो गेला. तो गेल्यावर तिने चपला घातल्या आणि चार घरं ओलांडून नवलकडे आली.

नवल तिचा चुलतपुतण्या. बारावीनंतर शिक्षण बंद, पण हात बंद नव्हते. इन्व्हर्टर, पाण्याच्या मोटारीचे स्टार्टर, मिक्सर, सगळं मोबाइलवर बघून बघून शिकलेला. एकदा सरपंचांचं वॉशिंग मशीन खोललं होतं, ते काही दुरुस्त झालं नाही, आणि हेही तो विचारल्याबरोबर सांगायचा. या खरेपणाने त्याची अर्धी गिऱ्हाइकं गेली होती. उरलेली अर्धी पक्की होती.

"नवल, ती बॅटरी बदलता येस का तुले?"

"कधी बदली नही, काकी. पन दखेल शे."

"कोठे?"

"मोबाइलवर."

"मंग व्हयी जाई," काकी म्हणाली आणि तिथेच उंबऱ्यावर बसली. थोडा वेळ तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "गाडी गयी ना, ते तो बी गया समज."

नवलने हेमराजला फोन लावला.

"शोरूमवाला सांगस, कंप्युटरले जोडनी पडस बॅटरी," हेमराज म्हणाला.

"नवा मॉडेलले, दादा. तुन्ही जुनी शे. मी समदं वाची लिधं."

"बिघाडशी का?"

"बिघडू बी शकस."

पलीकडे हेमराज हसला. मागे त्याच्या दुकानात कोणीतरी गठ्ठे आपटत होतं. "बरं. ट्रक गुरुवारले दुपारले ई. तठलोंग चालू व्हयनी ते ट्रक वापस. नही व्हयनी ते गाडी सुरतले."

नंदुरबारच्या बॅटरीवाल्याकडे त्या मापाची बॅटरी नव्हती. त्याने ती धुळ्याहून मागवली. नवलने तिची लांबी, रुंदी, प्लस कुठल्या बाजूला, मायनस कुठल्या बाजूला, सगळं पट्टीने मोजून घेतलं आणि बुधवारी संध्याकाळी मोटारसायकलच्या टाकीवर ठेवून ती घरी आणली. त्याच दिवशी हेमराजने कुरियरने पाठवलेलं एक खोकंही आलं. काकीने ते न उघडता कोनाड्यात ठेवलं.

गुरुवारी सकाळी नवल शेडात गेला, काकीही मागोमाग आली. चावीचं बटण दाबलं. गाडीत तेवढाच जीव शिल्लक होता. खट् झालं आणि पुढचं झाकण बोटभर उचललं गेलं.

"नशीब शे," नवल म्हणाला. "हाई झाकन करंटवर खुलस. अजून दोन दिन गयता ना, ते उघाडतंच नही."

भिकनआप्पा तोपर्यंत येऊन खाटेवर बसले होते. शेजारचे. त्यांच्या घरी ट्रॅक्टर होता आणि दिवसभर काम नव्हतं. "काय रे, बेडकानं पोट फाडस का आज?"

"हृदय बदलनं शे, आप्पा."

"मंग डॉक्टरले बोलाव ना."

नवलने प्लास्टिकचं कव्हर काढलं, खाली बॅटरी दिसली. आधी काळी वायर सोडवली, मग लाल. लाल वायरीचं तोंड उघडं राहू नये, लोखंडाला लागलं तर गडबड होते, हे त्याला पाठ होतं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा खिशातून काढून त्याने तो वायरीवर चढवला. जुनी बॅटरी बाहेर काढताना कमरेतून कळ आली. नवी आत बसवली, पट्टी लावली, बोल्ट आवळला.

"काकी, एक सांग. ही बॅटरी इतली लवकर कशी उतरनी? पाव्हनास्ले दखाडस का तू गाडी?"

"दखाडनी नको का? माणूस घर यी, त्याले चहा देवो आनि गाडी दखाडो नही?"

"दार उघाडीसन?"

"बसाडीसन," काकी म्हणाली. "म्हसावदनी मन्ही बहीण ते झोपी गयती त्यामा. दिवा लागस, पडदा लागस, गाणं बी लागस. मस्त."

नवलने मान हलवली. दार उघडलं की गाडी जागी होते. डॅशबोर्डचा पडदा, दिवे, सगळं बॅटरीवर. कोरीटात दीड-दोन महिन्यांत जितके पाहुणे येतात तितक्या वेळा ती जागी झाली होती, आणि झोपायच्या आधी दुसरा पाहुणा. तो बोलला एवढंच: "यापुढे बाहेरथूनच दखाड."

वायरींच्या तोंडाला पांढरी भुकटी धरली होती. ती घासायला तारेचा ब्रश हवा. ब्रश घरी. नवल आप्पांना म्हणाला, "आप्पा, कोन्हीले झाकनले हात लावू देवो नका." शेडाच्या दारात खेळणाऱ्या पोरांनाही दम दिला. काकीला काही सांगितलं नाही. काकीला काय सांगायचं, असं त्याला वाटलं, आणि चुकलं ते इथेच.

परत आला तेव्हा आप्पा खाटेवर आडवे होते, डोळ्यांवर टोपी. झाकण बंद होतं. पिवळ्या झाकणावर कुंकवाचा ठसठशीत साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढलेला, त्यावर चार अक्षता, खाली जमिनीवर नारळ फोडलेला. आणि काकी हात जोडून उभी.

खानदेशात घरात नवीन वस्तू आली आणि तिला कुंकू लागलं नाही असं होत नाही. नांगर असो, मिक्सर असो, पोराचा मोबाइल असो. काकीने विचार केला होता की बॅटरी तर त्या खड्ड्यात अंधारात बसली, तिथे साथिया काढून काय उपयोग. साथिया दर्शनी जागी हवा. दर्शनी जागा म्हणजे झाकण. आणि झाकण तर आभाळाकडे तोंड करून उभं.

"मी हळूच बंद करं हो," ती म्हणाली. "आवाज बी नही व्हवू दिधा."

नवलने चावीचं बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. आत नवी कोरी बॅटरी बसलेली होती, पण एकही वायर जोडलेली नव्हती. झाकण उघडायला करंट हवा, आणि करंट झाकणाखाली.

आप्पा उठून बसले. सगळं बघितलं. "हाई ते कपाटनी चावी कपाटमा ठेवासारखं व्हयनं."

"मन्हाकडथून काय व्हयनं, नवल?" काकीने विचारलं. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"तुन्हाकडथून काही नही. मी सांगाले पाहिजे व्हतं."

तेवढ्यात फोन वाजला. ट्रकवाला. गुजरातीत सांगत होता, नवापूर सोडलं, तासाभरात पोहोचतो. नवल "हो" म्हणाला. दुसरं काय म्हणणार. काकीला नवापूर ऐकू आलं. ती शेडाच्या खांबाला टेकून उभी राहिली आणि झाकणावरच्या साथियाकडे बघत राहिली. कुणी नवस फेडायला जावं आणि देवानेच दार लावून घ्यावं, तसं तिचं तोंड झालं होतं.

नवल जमिनीवर बसला, मोबाइल काढला. या गाडीचं झाकण अडकलं तर काय करायचं, असा एक व्हिडिओ त्याने रात्री अर्धवट बघून सोडून दिला होता, आपल्याला काय गरज म्हणून. आता पूर्ण बघितला. ड्रायव्हरच्या पायाजवळ फ्यूजची पेटी असते, तिच्यात एक लाल टोक ओढून बाहेर येतं. बाहेरच्या बॅटरीचा प्लस त्याला द्यायचा, मायनस दाराच्या लोखंडाला. तेवढ्यापुरता गाडीत करंट येतो. मग बटण.

"आप्पा, ट्रॅक्टर आना."

"बेडूकले ट्रॅक्टर ओढी का आते?"

"बॅटरी पाहिजे तुमनी. लवकर."

आप्पांनी ट्रॅक्टर शेडाच्या तोंडाशी आणून लावला. नवलने मोठ्या चिमट्यांच्या वायरी ताणल्या, एक बाजू ट्रॅक्टरच्या बॅटरीला लावली. मग गाडीचं दार चावीने उघडलं, आडवा पडून लाल टोक बाहेर ओढलं, आणि तिथेच त्याचा हात थांबला.

रबराचा तुकडा. लाल वायरीला लावला होता, हे खरं. पण बॅटरी आत ठेवताना वायर अडत होती म्हणून त्याने ती मागे सारली होती. तेव्हा रबर निघालं तर नसेल? निघालं असेल आणि लाल वायर आत लोखंडाला टेकली असेल तर ट्रॅक्टरचा सगळा करंट तिथून धावणार. वायर जळेल, फ्यूज जातील, कदाचित गाडीचं डोकंच जाईल. मग ट्रकच काय, क्रेन लागेल.

"काय व्हयनं?" आप्पा.

"लाल वायरवर रबर शे का निघी गयं, माले याद नही."

"मंग लाव ना, दखायी जाई."

"आप्पा, दखायी जाई म्हंजे जळी जाई."

"शे," काकी म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे बघितलं.

"बंद कराना पहिले मी आत देखं ना. लाल वायरवर काळं रबर व्हतं. माले वाटनं, हाई काय घाण राही गयी, काढी टाकू. पन तू म्हनशी काकीनी हात लावा. म्हनीसन नही काढं."

"नक्की लाल?"

"आंधळी शे का मी?"

नवलने चिमटा लाल टोकाला टेकवला, हलकेच. बारीकशी ठिणगी उडाली, एवढीच. आणि गाडी किंचाळायला लागली. चोराचा भोंगा. शेडातल्या कोंबड्या उडाल्या, गल्लीतली दारं उघडली, आप्पांनी कानावर हात ठेवले. नवलने चावीचं बटण दाबलं. भोंगा बंद. पुन्हा दाबलं. खट्.

झाकण उचललं गेलं, साथियासकट. अक्षता घरंगळून खाली पडल्या.

पुढचं काम पाव तासाचं होतं. वायरींची तोंडं घासली, आधी लाल जोडली, मग काळी. यावेळी नवलने काकीला आपल्या शेजारीच उभं केलं आणि झाकण तिलाच धरायला लावलं. चावी फिरवली तशी पिवळीने मागून असा आवाज काढला की आप्पा खाटेवरून उठले. "बेडूक नही रे," ते म्हणाले, "वाघ गिळेल बेडूक शे."

नवलने ट्रकवाल्याला फोन केला. तो विसरवाडीला चहा पीत होता. त्याने अजून एक चहा सांगितला आणि परत फिरला.

मग हेमराजला फोन. स्पीकर लावला, इंजिनाचा आवाज ऐकवला. हेमराज खूश झाला. नवलला "वा रे पठ्ठ्या" म्हणाला. मग म्हणाला, "काल कुरियरनं खोकं उनं ना? त्यामा चार्जर शे. तो भिंतना बोर्डमा लावी ठेव, गाडीले जोडी दे. मंग बॅटरी उतरतच नही. मी दोन-तीन महिना नही उनू तरी काही टेन्शन नही."

नवलने कोनाड्यातून खोकं आणलं होतं. ते त्याच्या हातात होतं. काकी समोर उभी होती, झाकणाला एक हात अजून तसाच. तिने खोक्याकडे बघितलं, मग नवलकडे.

"लावसू का, काकी?" नवलने विचारलं. खोटं बोलायचं त्याला येत नव्हतं, आणि तिच्या जागी उत्तर द्यायचंही.

काकीने त्याच्या हातातून फोन घेतला.

"हेमराज, त्या चार्जरनी वायर उंदिरस्नी खाई टाकी."

खोक्यावरची चिकटपट्टी जशीच्या तशी होती.

हेमराज म्हणाला, "कालच उना ना तो, माय?"

"आठला उंदीर तुले काय सांगू."

मग हेमराज म्हणाला, "बरं. शनवारले येस. गाडी चालाडी जास."

"ये. वरनबट्टी करस," काकी म्हणाली आणि फोन परत दिला. खोकं घेऊन ती घरात गेली आणि धान्याच्या कोठीमागे ते ठेवल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला. बाहेर आली ती नारळाचा तुकडा घेऊन.

"तू काही ऐकं नही, नवल."

"ऐकं, काकी. दादानी इचारं ते सांगसू."

"नही इचारणार तो," काकी म्हणाली आणि खोबरं त्याच्या हातावर ठेवलं.