मावशीच्या डोक्यातलं विष

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. केस गळणारे आले होते, गळतील या भीतीने आले होते, आणि ज्यांचे केव्हाच गेले होते ते पहिली रांग अडवून बसले होते. मंचावर उंच खुर्चीत एक कारकून अंग चोरून बसला होता. केशगुरूने त्याच्या टाळूवर पिवळसर अर्क फवारला, पांढराशुभ्र ओलसर कापूस हळूच फिरवला आणि वर धरला. कापूस गुलाबी झाला होता. सभागृहाने एकदम श्वास रोखला.

“हे उन्हाच्या क्रीमचं विष,” केशगुरू म्हणाला. मग त्याची गाडी सुटली ती थांबेना. क्रीममधले रेणू म्हणे टाळूत मुरतात, मुरले की केसांच्या मुळांशी भांडतात, आणि रोजच्या कटकटीला वैतागून केस बिचारे घर सोडून जातात. लोक माना डोलावत होते. रेणू कशाशी खातात हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून तर सगळं पटत होतं.

तिसऱ्या रांगेतल्या मासोळीला तर फारच पटत होतं. जन्म पाण्यात गेला म्हणून घरात पडलेलं हे नाव. ती उघड्या तलावावर पोहणं शिकवायची आणि उन्हासाठी रोज क्रीम थापायची. मध्यंतरी तिच्या कानामागे नाण्याएवढं गोल टक्कल पडलं, मग दुसरं. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, ही चाई. शरीराची राखणदार फौज चुकून आपल्याच केसांच्या मुळांवर तुटून पडते. त्यांनी इंजेक्शनं सुरू केली. केस येतील अशी आशा आहे, हमी नाही, असंही म्हणाल्या.

क्रीममुळे झालं का, हेही मासोळीने विचारलं होतं. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. केस जाण्याच्या एका वेगळ्या आजाराबाबत संशोधकांना क्रीममधल्या काही घटकांची शंका आली आहे, तपास चालू आहे, सिद्ध काही झालेलं नाही. आणि चाईबद्दल तसा पुरावा आपल्या माहितीत नाही, असं त्या म्हणाल्या. एवढ्या बोलण्यातून मासोळीने घरी काय नेलं? ‘शंका’ एवढंच. त्यात तलावावरच्या आणखी एकीचे केस गळायला लागले, आणि तीही तेच क्रीम लावणारी. झालं, गुन्हेगार सापडला. तलावावर झाडून सगळेच ते क्रीम लावत होते आणि बाकीच्यांच्या डोक्यावर जंगल माजलं होतं, हे कुणी लक्षातच घेतलं नाही.

केशगुरूची अट सोपी होती. क्रीम बंद, आणि इंजेक्शनंही बंद. सुई म्हणे विष आणखी आत ढकलते. मासोळीने मनाशी ठरवून टाकलं. पुढचा नंबर लावायला ती उठणार, तोच शेजारून मावशी उठली.

मासोळीला लहानाचं मोठं केलं ते या मावशीने. तिचा काळाभोर, भरगच्च अंबाडा या वयातही जागचा हलत नसे. हल्ली तो बघितला की मासोळीला भरून यायचं. मावशीसारखे केस आपल्या नशिबी का नाहीत?

“आधी माझं काढा,” मावशी खुर्चीत बसत म्हणाली.

असा अंबाडा पाहून केशगुरू खुलला. भांगात अर्क फवारला, कापूस फिरवला. गुलाबी, तोही गडद. त्याने चुकचुक केलं. विष अगदी मुळापर्यंत उतरलंय, अजून थोडा उशीर केला असता तर हा अंबाडा हातात आला असता, असं तो म्हणाला.

“मुळापर्यंत? नीट बघितलंत ना?”

“मुळापर्यंत, मावशी.”

मावशीने कडेची चिकटपट्टी सोडवली. मग दोन्ही हातांनी अंबाड्यासकट सगळा केसांचा टोप उचलला आणि केशगुरूच्या हातात ठेवला. “आता यात मुळं शोधून दाखवा. परवाच दुकानातून आणलाय.”

पहिल्या रांगेत कुणीतरी फस्सकन हसलं आणि बघता बघता सगळं सभागृह हसायला लागलं. मासोळीला मात्र हसू आलं नाही. मावशीचं डोकं वाटीसारखं गुळगुळीत होतं. तलावात उतर म्हटलं की मावशी का टाळायची, वारा सुटला की पदर डोक्यावर घट्ट का धरायची, हे तिला आत्ता कळत होतं.

मावशी तिच्याकडे बघून बोलली, पण ऐकलं सगळ्यांनी. “मलाही तुझ्याच वयात चाई पडली. असल्याच एका शहाण्याने माझं औषध बंद पाडलं. औषधाने केस आले असते की नाही, कोण जाणे. पण बघायची संधी त्याने घालवली. तुझी घालवू देणार नाही मी.”

आयुष्यभर जिवापाड जपलेली गोष्ट मावशीने भर सभेत काढून ठेवली होती, आपल्यासाठी. मासोळीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि डोकं मात्र लख्ख झालं. हा गुलाबी रंग आपण रोज बघतो की! तलावाचं पाणी तपासायचे थेंब असेच पिवळे असतात, आणि पाण्यात सोडा जास्त झाला की गुलाबी होतात. ती तडक मंचावर गेली. अर्क खुर्चीच्या प्लास्टिकवर फवारला, पिवळाच राहिला. केशगुरूचा न वापरलेला ओला कापूस बोटांत चोळला. सोड्यासारखा बुळबुळीत लागला. तोच कापूस खुर्चीवर फिरवला आणि गुलाबी झालेला सगळ्यांना दाखवला.

“या खुर्चीने कधी क्रीम लावलं होतं, विचारा यांना,” ती म्हणाली.

केशगुरूला एकाएकी दुसऱ्या गावचा कार्यक्रम आठवला. पण पहिली रांग त्याच्याआधी दाराशी पोचली होती.

शंका जरूर घ्या, बाबांनो. क्रीमची घ्या, औषधाची घ्या, डॉक्टरांनाही खुशाल विचारा. फक्त कुणी विष काढून दाखवायला लागला की त्याला एवढंच सांगा: जिथे विष असूच शकत नाही, तिथेही तोच कापूस फिरवून दाखव.

मासोळीची इंजेक्शनं चालू आहेत. एका चाईत बारीक लव दिसते आहे, दुसरीत अजून काही नाही. परवा भर उन्हात मावशी पहिल्यांदाच तलावावर आली, बोडक्या डोक्याने. पायरीवर बसली, पाय पाण्यात सोडले आणि हाक मारली, “मासोळे, डोकं भाजतंय गं. तुझं ते विष आण जरा.”

मासोळीने क्रीम आणलं आणि मावशीच्या डोक्याला दोन्ही हातांनी, सावकाश चोळलं.