कॅमेऱ्याच्या स्टँडनं पाहिलेला उजवा हात

मित्रांनो, माझं सगळं आयुष्य उभं राहण्यात गेलं. पाय तीन, पण बसायची सोय एकालाही नाही. मी कॅमेऱ्याचा स्टँड. कधीकाळी काळाभोर होतो, आता रंग उडून करडा झालोय. डाव्या पायाची कळ तुटली आहे, तिथं चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. माझ्या डोक्यावर जो बसतो त्याच्याकडं बघून सगळे हसतात. माझ्याकडं बघून आजवर कुणी हसलेलं नाही. माझ्या पायात अडखळून शिव्या मात्र पुष्कळांनी दिल्या. तक्रार नाही हो. दमलोय, एवढंच सांगतोय.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. खोक्यातून बाहेर आलो तो थेट कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या अमरेश फोटोग्राफरच्या स्टुडिओत. त्यानं माझे पाय ताणले, डोक्यावर जड व्हिडिओ कॅमेरा चढवला, धक्का देऊन बघितला आणि म्हणाला, "नाद खुळा! ह्यो हलतच न्हाय गड्या!" माझं आयुष्यातलं कौतुक तेवढंच. त्या एका वाक्यावर मी चौदा लग्नसराया काढल्या. सांध्यांत अक्षता अडकल्या, पायांवर मठ्ठा सांडला, एकदा तर वरातीतल्या घोड्यानं लाथ घातली. तरी हललो नाही.

उभ्याउभ्या एक गोष्ट शिकलो. माणूस काय दाखवतो ते कॅमेऱ्याला कळतं, आणि काय लपवतो ते स्टँडला. कारण स्टँडकडं कुणाचंच लक्ष नसतं. फोटो म्हटलं की कुणी फाटकी कॉलर उपरण्याखाली सारतो, कुणी पोट आत ओढतो. अमरेशच्या शाळेतल्या मित्राच्या भाचीचं लग्न होतं. हा मित्र म्हणजे श्रीपाल अण्णा. ते फोटोला उभे राहिले की उजवा हात खिशात जायचा.

"श्रीपाल, हात भाईर काढ की लेका!" अमरेश ओरडला.

"असू दे रे. तसाच घे," अण्णा म्हणाले.

दोन दिवसांच्या लग्नात एकाही फोटोसाठी तो हात खिशातून बाहेर आला नाही. मी बघून ठेवलं आणि विसरून गेलो.

पुढं उडते कॅमेरे आले, हातात धरून पळायची यंत्रं आली. माझी रवानगी माळ्यावर झाली. खरं सांगू? पहिल्यांदा बरं वाटलं. जन्मात प्रथमच आडवं व्हायला मिळालं होतं. पण सहा वर्षं कुणी विचारलं नाही, की आडवं असण्याचाही शीण येतो बघा.

मग यंदाच्या फेब्रुवारीत श्रीपाल अण्णांची मुलगी आदिती स्टुडिओत आली. हातात वहीचं पान आणि त्यावर ही लांबलचक यादी.

"काका, मला डेमो व्हिडिओ करायचाय. अण्णांच्या मशीनचा. बिगिनरला लागणाऱ्या सगळ्या वस्तू लिहून काढल्यात मी. चाळीस व्हिडिओ बघितले त्यासाठी."

"चाळीस बघितलंस? तेवढ्यात एक काढून झाला असता की!"

हसण्यावारी नेण्यासारखं मात्र नव्हतं. अण्णांची शिरोली एमआयडीसीत छोटी शेड आहे. तिथं ते एक हातयंत्र बनवतात. उसाची कांडी खाचेत ठेवायची, दांडा दाबायचा, की पातं खाली येऊन कांडीवरचा डोळा काढतं. त्या डोळ्यापासून रोपवाटिकेत उसाचं रोप होतं. वारणानगरच्या बाजूच्या एका साखर कारखान्याला आपल्या साऱ्या रोपवाटिकांसाठी एकाच बनावटीची यंत्रं घ्यायची होती. तिघा जणांकडून तीन-तीन मिनिटांचे व्हिडिओ मागवले होते, ते मंगळवारी सकाळी बैठकीत दाखवून निवड होणार होती. अण्णांचं यंत्र निवडलं गेलं नाही तर शेडला कुलूप लावायचं आणि छप्पन्नाव्या वर्षी दुसऱ्याच्या फौंड्रीत शिफ्टला जायचं, असं घरात ठरून गेलं होतं.

"मोबाईल हाय न्हवं तुझ्याकडं? मग एवढं कशाला?" अमरेशनं विचारलं.

"मोबाईलवर करतात का कुठं, काका? बैठकीत लोक हसतील आम्हाला."

"बरं, ने बाई. आणि ह्यो म्हातारा बी ने. वजनाला बरा हाय."

म्हातारा म्हणजे मी. सहा वर्षांनी मला हाक मारली ती अशी. आलो तसाच, धुळीनं माखलेला.

शेडमध्ये सगळा बाजार मांडला. मोठा कॅमेरा, गोल दिवा, कॉलरला लावायचा माइक, हातात धरून फिरायचं ते यंत्र, शिवाय उसना लॅपटॉप. मला तर बघूनच घेरी आली. अण्णांनी आदल्या दिवशी हातयंत्राला हिरवा ऑइल पेंट मारला होता. गोल दिवा लावला की त्या चकचकीत रंगात पांढरं कडं उमटायचं आणि पातं दिसेनासं व्हायचं. दिवा हलवला की कडंही हलायचं. ते फिरायचं यंत्र हातात धरून आदिती हातयंत्राभोवती फिरली, तर चित्रात सगळी शेड होडीत बसल्यासारखी डोलायला लागली. माइकमध्ये तिच्या आवाजापेक्षा शेजारच्या शेडमधला हातोडा जास्त यायचा. तो हातोडा दुपारभर थांबला नाही.

संध्याकाळचं सोनेरी ऊन सगळ्यात चांगलं, असं तिनं कुठंतरी ऐकलं होतं. पण अण्णा दिवसाउजेडी जेवणारे. ऊन सोनेरी झालं, की नेमके त्याच वेळी ते दांडा सोडायचे, हात धुवायचे आणि डबा उघडायचे.

"अण्णा, दहा मिनिटं थांबा की!"

"तुझं ऊन थांबतंय का बघ. थांबलं तर मी बी थांबतो."

ऊन थांबायचं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं नाद सोडला.

शनिवारी अरुणावहिनी आल्या. आदितीची आई. यंत्र पहिल्यांदाच चार लोकांसमोर जाणार, मग त्याला असंच पाठवायचं? खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात तशी त्यांनी पूजा केली. हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि झेंडूचा भरघोस हार घातला. हार नेमका पात्यासमोर लोंबला. कुणाला काही वाटलं नाही. मलाही नाही, मीसुद्धा "छान दिसतंय" म्हणत उभा होतो.

अण्णा यंत्रामागं उभे राहिले आणि डाव्या हातानं दांडा दाबायला लागले. उजवा हात खिशात. तेव्हा मला ते लग्न आठवलं.

तेवढ्यात माझा डावा पाय घसरला. चिकटपट्टी किती दिवस धरणार? मी हळूहळू कलत गेलो, डोक्यावरचा कॅमेरा खाली झुकला. आदिती किंचाळली. अण्णा पुढं धावले आणि दोन्ही हातांनी कॅमेरा धरला. लाजेनं मेलो मी. चौदा लग्नसरायांत जे झालं नाही ते झालं होतं.

"तरी म्हटलं, जुनी वस्तू घेऊ नये," वहिनी म्हणाल्या. त्या बोलल्या ते खोटं नव्हतं. म्हणून जास्त लागलं.

मला विटेचा टेकू दिला आणि काम पुरं केलं. आदितीनं लॅपटॉपवर जुळवाजुळव केली, वर बासरी घातली, कॉम्प्युटरकडूनच बोलून घेतलेला एक गुळगुळीत आवाज घातला आणि कारखान्याचे ऊस अधिकारी शशिधर यांना व्हिडिओ पाठवला. रविवारी सकाळी त्यांचा फोन आला.

"अण्णा, व्हिडिओ लई भारी झालाय. हार तर एक नंबर! पर तुमच्या मशीनमदी पात्याच्या आधी लोखंडी आड खाली येतो, बोट आत जाऊच शकत न्हाय, असं तुमीच सांगितलं हुतं न्हवं? त्यो कुठं दिसतोय? बाकीच्या दोघांच्यात असला आड न्हाय, म्हणून तर मी वाट बघत हुतो. मंगळवारी धाच्या आत दुसरा पाठवा. न्हायतर मला काय करता येणार न्हाय."

फोन ठेवला आणि आदिती खाली फरशीवरच बसली. रडली बिचारी. "माझ्यामुळं शेड जाणार, अण्णा," म्हणाली. एवढा सरंजाम आणला आणि दाखवायची गोष्टच राहून गेली. अण्णा नुसते तिच्या शेजारी बसले. वहिनींनी यंत्रावरचा हार काढला.

थोड्या वेळानं आदितीनं डोळे पुसले आणि घेतलेलं सगळं चित्रण पहिल्यापासून बघायला लागली. कुठंतरी आड दिसत असेल, एवढीच आशा. एके ठिकाणी ती थांबली. आठ सेकंद. चित्र तिरकं होतं, पण हाराच्या खालून, अगदी जवळून, लोखंडी आड खाली येताना लख्ख दिसत होता. त्याच्यामागोमाग पातं. आणि मग पुढं आलेला अण्णांचा उजवा हात. त्याच्या पहिल्या बोटाचं वरचं पेर नव्हतं.

"हे कधी घेतलं गं?" वहिनींनी विचारलं.

"घेतलं नाही आई. स्टँड घसरला तेव्हाचं आहे."

माझ्याकडं सगळ्यांनी वळून बघितलं. कुठं बघावं ते मला कळेना.

सोमवारी आमच्या गल्लीतल्या शेडना सुट्टी. हातोडा गप्प. आदितीनं कॅमेरा, दिवा, माइक, सगळं पेटीत भरून टाकलं आणि फक्त मला बाहेर ठेवलं. तिनं आधी कागदावर एकच ओळ लिहिली : "बोट कसं वाचतं ते दाखवायचं." मग त्यासाठी काय लागतं ते बघितलं. तिचा रोजचा मोबाईल लागत होता, शेडचं उघडं दार लागत होतं, आणि मी. मोबाईल माझ्यावर बसेना, तेव्हा अण्णांनी लोखंडी पट्टी वाकवून, आत जुन्या स्लीपरचा रबर लावून चिमटा करून दिला. माझ्या तुटक्या पायात आरपार बोल्ट घातला. "आता घसरू नको बाबा," म्हणाले. कुणीतरी माझ्याशी बोललं, मित्रांनो.

कळंब्याच्या रोपवाटिकेतून चिमणाबाईंना बोलावलं होतं. अण्णांचं यंत्र त्या तीन वर्षं रोज वापरतात. त्या सराईतपणे कांड्या घेत होत्या, दाबत होत्या, डोळे टोपलीत पडत होते. पण आदितीला अजून एक गोष्ट हवी होती.

"अण्णा, तुम्ही उजवा हात दाखवून सांगा. आड का बनवला ते."

"ते न्हाय," अण्णा एकदम म्हणाले आणि हात खिशात घातला. "लोक काय म्हणतील? ज्याचं स्वतःचं बोट गेलंय त्याच्या मशीनवर कोण विश्वास ठेवंल? असलेलं काम बी जाईल."

बारा वर्षं खिशात ठेवलेला हात, तो असा एका सकाळी बाहेर कसा यायचा? त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असंही नाही. मलाही भीती वाटत होती.

मग चिमणाबाई उठल्या. पदराला हात पुसले आणि दोन्ही पंजे अण्णांसमोर धरले.

"मोजा की अण्णा. धाच्या धा हाईत. आमच्या जुन्या मशीनवर आमच्यातल्या तिघींची गेली. माझी ऱ्हायली ती कुणाच्या बोटामुळं?"

अण्णा त्या हातांकडं बघत राहिले. डोळे भरून आले होते त्यांचे, ते लपवले नाहीत. आदितीनं हळूच मोबाईल चालू केला. मी श्वास रोखला, म्हणजे असता तर रोखला असता. हललो नाही एवढं खरं.

अण्णांनी उजवा हात बाहेर काढला आणि यंत्रावर ठेवला.

"हे बोट बारा वर्सांमागं जुन्या मशीनवर गेलं," ते म्हणाले. "तवा त्यात आड न्हवता. दुसऱ्या कुणाचं जाऊ नये म्हणून मी हा आड बनवला. ह्या चिमणाबाई. तीन वर्सं हेच काम करत्यात. त्यांचं हात बगा." मग बोट जिथं गेलं असतं तिथं त्यांनी कांडी धरली, दांडा दाबला, आणि पात्याच्या आधी आड खाली आला; कांडी बाहेरच अडली. बासरी नव्हती, गुळगुळीत आवाज नव्हता. दुसऱ्यांदा घ्यावं लागलं नाही. अण्णा त्या दिवशी वेळेवर जेवले.

मंगळवारी दीड वाजता शशिधरांचा फोन आला. "बैठकीत रोपवाटिकेतल्या बायका बी हुत्या. व्हिडिओ संपला तर एक जण म्हणाली, त्यो बोटाचा भाग परत लावा. परत लावला. ठरलं अण्णा, मशीन तुमचंच."

आदिती नाचायला लागली, वहिनी रडायला लागल्या. अण्णा नळापाशी गेले आणि कितीतरी वेळ हात धूत उभे राहिले.

दोन दिवसांनी अमरेश आपल्या वस्तू न्यायला आला. पेटी तशीच बंद बघून हसला. मला उचलणार तर आदिती म्हणाली, "ह्याला राहू द्या काका." मग तो म्हणाला, चला, एक फोटो तरी काढू. तिघं यंत्राजवळ उभे राहिले. मोबाईल माझ्या डोक्यावर. अमरेशनं सवयीनं तोंड उघडलं, पण त्याला ओरडावं लागलं नाही. अण्णांचा उजवा हात यंत्रावर होता, सगळ्यांना दिसेल असा.

मित्रांनो, मी दमलोय हे खरं आहे, आणि आता फार वर्षं उभा राहीन असंही वाटत नाही. म्हणून एवढंच सांगतो. वस्तू गोळा करायच्या आधी, काय दाखवायचंय ते स्वतःला विचारा. कदाचित ते तुम्ही लपवून ठेवलेलं असेल. आणि काम झालं की आमचे पाय मिटून ठेवत जा. अण्णा रोज ठेवतात, उजव्या हातानं.