खडूसला आमंत्रण

कॉलेज सुटलं की प्राध्यापिका ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर जाऊन बसायची. धुरकट काचांतून तिथे असं ऊन झिरपायचं, की टेबलं, कपाटं, वाचणारी माणसं सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसायचं. लॅपटॉप उघडून ती मंचावर जायची. कायदे, निवडणुका, राज्यकारभार यांवर वाद घालायला तिने आणि तिला एकेकाळी शिकवणाऱ्या सरांनी तो ऑनलाइन मंच सुरू केला होता. दार सताड उघडं. कुणीही यावं, खरं नाव सांगावं, न सांगावं.

पण हळूहळू तिथे शिवीगाळच माजली. सरांनी हात टेकले.

"अगं, आपण चर्चा करतोय की केर काढतोय? दार लावून घेऊ. आमंत्रण असेल त्यालाच प्रवेश."

तीही दमली होती. तिने मान डोलावली.

नवा मंच म्हणजे नुसती शांतता. कुणी कुणाला तोडून बोलत नव्हतं. ‘आपला मुद्दा मोलाचा आहे’ या वाक्यावर प्रत्येक उत्तर अलगद तरंगत यायचं. वाचता वाचता तिचे डोळे जड व्हायचे. अशाच एका पेंगुळल्या दुपारी तिच्या लक्षात आलं, की आपण कित्येक आठवड्यांत लिहिलेलं काही खोडलेलं नाही. आणि तिला खडूस आठवला.

खडूस हे जुन्या मंचावरचं टोपणनाव. कधी शिवी नाही, पण लेखाची पार सालटी काढायची. ‘वाक्य छान आहे, फक्त खरं नाही,’ एवढंच लिहून मोकळं व्हायचं. प्राध्यापिका चडफडायची आणि पुन्हा पुस्तकं उपसायला लागायची.

तिने खडूसचं नाव सुचवलं. "ती कटकट कशाला परत?" असं म्हणत सरांनी आढेवेढे घेतले, पण शेवटी आमंत्रण गेलं. नियमाप्रमाणे आधी ओळख करून द्यायची होती. ती आली:

‘मी बाई आहे. वकिली करायचे. आता अंथरुणाला खिळले आहे. एका बोटाने टाइप करते, म्हणून थोडक्यात लिहिते. लोकांना ते खडूस वाटतं.’

त्या दिवसापासून सगळे तिच्याशी मधाळ बोलायला लागले. सरांच्या लेखाचा पायाच चुकलाय, असं तिने लिहिलं, तर सर म्हणाले, ‘ताई, तुमच्या जिद्दीचं कौतुक वाटतं.’ प्राध्यापिकेनेही तिला द्यायचं झणझणीत उत्तर पुसून गोड केलं.

थोड्याच दिवसांत खडूस दिसेनाशी झाली. प्राध्यापिकेने ओळखीसोबत आलेल्या नंबरवर फोन लावला.

"तुम्ही का येत नाही?"

"कशाला येऊ?" आवाज बारीक होता, पण करकरीत. "घरात मुलगा कुजबुजतो, सून मांजराच्या पावलांनी येते. तुमच्या त्या उघड्या मंचावर लोक माझ्यावर तुटून पडायचे ना, तेवढा वेळ मला वाटायचं, मी कोर्टाच्या पायऱ्या भराभर चढतेय. आता तिथेही माझी उशी सारखी करताय."

प्राध्यापिका म्हणाली, "पण शिव्या देणारे..."

"त्यांना हाकला की! त्यांच्यापायी माझं दार का लावलंत?"

दुसऱ्याच दिवशी तिने सरांना सांगितलं, "मी जुना मंच उघडतेय. केर मी काढीन." सर रुसले. "तुझं तू बघ," म्हणाले आणि आपल्या शांत मंचावर राहिले.

केर खरंच पुष्कळ होता. घाण पुसता पुसता तिची दुपार जायची, डोकं भणभणायचं. पण खडूस परतली, आणि पहिल्याच फटक्यात तिने प्राध्यापिकेच्या नव्या लेखाचं भुसकट पाडलं. प्राध्यापिकेनेही या वेळी काही पुसलं नाही.

मग एक दिवस ‘वाटसरू’ नावाचा कुणी उगवला आणि खडूसशी हमरीतुमरीवर आला. भाषा सभ्य, पण एकेक शब्द धारदार. तिसऱ्या ओळीतलं ‘अर्थात, हे गृहीतच चुकीचे’ वाचून प्राध्यापिका थबकली. तिच्या प्रबंधाच्या समासात हेच शब्द लाल शाईने कितीदा आले होते! सर टोपणनावाने आले होते, आणि कौतुकबिवतुक सगळं बाहेर ठेवून आले होते.

खडूसचं उत्तर आलं: ‘वाटसरू, वाट चुकलात.’

प्राध्यापिकेला हसू आवरेना. त्या पाण्याखालच्या उन्हात वाचणारी माणसं माना वर करून तिच्याकडे बघायला लागली.