दाखवायचा चाकू

मित्रांनो, मी एक जुना घडीचा चाकू आहे. एकतीस वर्षं झाली, पण कागदाशिवाय मी काहीही कापलेलं नाही. फळ नाही, दोरी नाही, पार्सलची चिकटपट्टीसुद्धा नाही. तरीही हजारो माणसांनी मला हातात घेतलं आहे. हे कसं, ते सांगतो.

एका लहान कारखान्यात मी तयार झालो. पातं भट्टीत तापलं, तेलात बुडलं, दगडावर घासलं गेलं. मुठीला अक्रोडाचं लाकूड मिळालं. आत पोलादाची एक पातळ पट्टी बसवली. पातं पुरतं उघडलं की ती सरकून त्याच्या मागे अडते. तिला खटका म्हणतात. खटका धरून असतो म्हणून पातं बोटांवर मिटत नाही. शेवटी कारागिराने मला तीनदा उघडलं, तीनदा मिटलं आणि म्हणाला, "हा खिशात जायला तयार आहे."

त्या एका वाक्यावर मी पुढची बरीच वर्षं काढली.

बारा भावांबरोबर मी अवजारांच्या दुकानात आलो. खोक्यात सगळ्यात वर मीच होतो. मालकांनी मला उचललं. "हा दाखवायला राहू दे," ते म्हणाले. झालं, माझं ठरलं. काउंटरवर निळ्या कापडाचा तुकडा होता, त्यावर माझी जागा.

मालक चाकू विकण्याआधी पारखायला शिकवत. मला उजेडासमोर धरून सांगत, "मिटल्यावर पातं मुठीच्या बरोबर मधोमध बसतंय का बघा. टोक धरून हलवा. डुगडुगलं तर ठेवून द्या. मग पात्याची पाठ दाबा, खटका हलता कामा नये. धार सगळ्यात शेवटी. धार काय, घरीही लावता येते." मग माझ्या पात्याने कागदाची एक पट्टी कापत. गिऱ्हाईक खूश होऊन म्हणे, "हाच द्या." मालक वाकत आणि खालच्या खोक्यातून माझा एखादा भाऊ काढून देत.

भाऊ खिशांतून निघून गेले. कधी धार लावायला परत आले की भेट व्हायची. एकाच्या मुठीवर रंगाचे डाग असत, एकाच्या पात्याला झाडाचा चीक. माझ्यावर फक्त बोटांचे ठसे. मालक ते शर्टाच्या बाहीने पुसत. पण पातं ज्या खिळीवर फिरतं, तिथे साचलेली धूळ कोणी बघितली नाही. तेलाच्या बाटल्या माझ्या शेजारीच होत्या, विकायला.

एका मंगळवारी रोपवाटिकेत कलमं बांधणारी बाई आली. दारात सापडून तिच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची ताठ झाली होती.

"डाव्या हातात फांदी असते, काका," ती म्हणाली. "चाकू याच हाताने उघडायला हवा. सोमवारी कलमांचा हंगाम सुरू होतोय. नाही जमलं तर मला झारी देतील, आणि एकदा झारी हातात आली की परत कलमाला कोणी बोलवत नाही."

मालकांनी पाच नवे चाकू मांडले. सगळे घट्ट. तिचा अंगठा लाल झाला, पण एकही उघडेना. मग तिने मला उचललं. मी एका दमात उघडलो.

"हाच."

"तो विकायचा नाही, ताई. दाखवायचा आहे."

"दाखवलात की. आता द्या."

मालकांना हसू आलं. "बरं, न्या," ते म्हणाले. मला गुंडाळायला त्यांनी एक फडकं पुढे ओढलं. मला कारागिराचं वाक्य आठवलं.

"पण पाठ दाबायची राहिली," बाई म्हणाली.

"याची रोज दाबतो."

"तुम्ही नुसता हात टेकवता. मघाशी दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवताना मी बघितलं. जोर लावा."

मालकांनी जोर लावला. खटका सुटला आणि पातं मिटलं. त्यांनी अंगठा वेळेवर काढला, तरी नखावर बारीक चरा उमटला. रोजच्या सवयीत त्यांनी कित्येक वर्षांत खरा जोर लावलाच नव्हता. उघडझाप करून करून खटका झिजला होता. ते त्यांना कळलं नव्हतं, आणि मलाही.

"मी जपून वापरीन," बाई हळूच म्हणाली.

"जीव मुठीत धरून वापरायचा, तो कसला चाकू? तुमच्या हाताची तीन बोटं धड आहेत. ती मी याच्या भरवशावर सोडणार नाही. शनिवारी या."

मग मालकांनी एक नवा चाकू घेतला. त्याच्या खिळीत तेलाचा थेंब सोडला. स्वतःची दोन बोटं रबरबँडने बांधली आणि उरलेल्या बोटांनी त्याची उघडझाप सुरू केली. चार दिवस हेच. दुपारी मालकीणबाई चहा घेऊन येत.

"गिऱ्हाइकांना थांबवून ठेवता आणि चाकूशी खेळत बसता. रबर तरी सैल करा, बोटं निळी पडली."

"तिची कुठे सैल होतायत?" मालक म्हणत.

मी शेजारीच मिटून पडलेलो असे. संध्याकाळी ते त्या चाकूची पाठ काउंटरच्या कडेवर अंगाचा भार टाकून दाबत. त्याचा खटका हलत नसे.

शनिवारी बाई आली. पहिल्यांदा पातं अडलं, दुसऱ्यांदा अर्धं आलं, तिसऱ्यांदा खट्ट करून उघडलं. तिने स्वतः पाठ दाबून बघितली आणि चाकू खिशात टाकला. जाताना तिची नजर माझ्याकडे गेली.

"याला कधी तेल घातलं होतंत?"

ती गेल्यावर मालकांनी विकायच्या बाटल्यांतली एक उघडून माझ्या खिळीत थेंब सोडला.

मी अजून निळ्या कापडावरच आहे. पण आता मालक पाठ सगळ्यात आधी दाबतात. "हा बघा, सुटतो. असा घेऊ नका." लोक मला पटकन खाली ठेवतात. मालक खोटं बोलत नाहीत, त्यामुळे माझी तक्रार नाही. झिजलेला खटका तेलाने भरून येत नाही. फक्त मिटताना आता आवाज होत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी घडीचा चाकू असेल, तर मोठ्यांना सांगा, महिन्यातून एकदा खिळीत तेलाचा थेंब घाला आणि पाठ खरोखर दाबून बघा. एखादी वस्तू रोज हातात येते, म्हणून ती आपल्याला ठाऊक आहे असं समजू नका. मला रोज वीस माणसं उघडत होती. नीट बघितलं ते एकीनेच, आणि ती दुसरा चाकू घेऊन गेली.